सापांच्या मुलखात शिकार: पायांचं कवच कसं निवडावं

साप माणसाच्या मागे लागत नाही. तो गवताच्या बुडख्यात, दगडाच्या कपारीत किंवा पडलेल्या ओंडक्याच्या सावलीत आपल्या जागी असतो आणि आपलं पाऊल त्याच्या अंगावर किंवा अगदी शेजारी पडतं. म्हणूनच रानात फिरणाऱ्यांना होणारे बहुतेक सर्पदंश पाऊल, घोटा आणि नडगीवर होतात. शिकाऱ्याला हा धोका जास्त असतो. त्याची नजर लांब, सावजावर असते. तो पाऊलवाट सोडून चालतो. उजेड कमी असताना, पहाटे आणि तिन्हीसांजेला, तो रानात असतो. शिवाय तो मुद्दाम दबक्या पावलांनी चालतो, त्यामुळे जमिनीची थरथर जाणवून बाजूला सरकण्याची संधी सापालाही कमी मिळते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. तेव्हा हा लेख, जिथे परवाना काढून कायद्याने शिकार करता येते अशा देशांत राहून नव्याने या वाटेला लागलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. वनसर्वेक्षण किंवा पक्षीनिरीक्षणासाठी आडरानात जाणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कुठला बूट घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी साप कोणते ते पाहा, मग जमीन, मग तुमची शिकारीची रीत. या तिन्हींची उत्तरं मिळाली की कवच जवळजवळ आपोआप ठरतं. एक कसोटी मात्र पहिल्यापासून लक्षात ठेवा: जे दिवसभर पायात राहील तेच कवच. उन्हं चढल्यावर उकडतं म्हणून काढून गाडीत टाकलेला उत्तमातला उत्तम बूट कोणालाही वाचवत नाही.

पहिली पायरी: साप कोणता आणि किती लांबीचा

तुम्ही जाणार त्या भागात कोणते विषारी साप आहेत, हे तिथल्या वनखात्याच्या किंवा वन्यजीव विभागाच्या माहितीतून आणि तिथे अनेक हंगाम फिरलेल्या माणसांकडून समजून घ्या. प्रत्येक सापाबद्दल दोन गोष्टी विचारा. त्याची लांबी किती आणि विषदंत कसे.

लांबीवरून त्याची झेप कुठवर पोहोचेल याचा अंदाज येतो. जमिनीवर वेटोळं घालून बसलेला साप साधारणपणे आपल्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतो. पाऊण मीटरचा कॉपरहेड (अमेरिकेतला एक विषारी साप) असेल तर पल्ला वीतभर ते दीड-दोन वीत, म्हणजे दंश घोट्यावर किंवा नडगीच्या खालच्या भागावर. दीड मीटरचा डायमंडबॅक रॅटलस्नेक (शेपटीने खुळखुळणारा अमेरिकी साप) असेल तर हा पल्ला ५० ते ७५ सेंटीमीटर होतो आणि गोष्ट थेट गुडघ्याशी येते. हा हिशोब सपाट जमिनीचा आहे. साप उतारावर तुमच्या वरच्या अंगाला असेल, बांधावर किंवा खडकाच्या टप्प्यावर असेल, तर तोच दंश मांडीवर येऊ शकतो. डोंगराळ भागात शिकार करणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

विषदंतांवरून कवचाची जाडी ठरते. घोणस, रॅटलस्नेक, आफ्रिकेतला पफ अ‍ॅडर यांच्या कुळातल्या, म्हणजे व्हायपर सापांचे विषदंत लांब आणि दुमडणारे असतात. तोंड उघडलं की ते पुढे येतात. मोठ्या ईस्टर्न डायमंडबॅकचे दात अडीच सेंटीमीटरच्या आसपास भरतात आणि आफ्रिकेतल्या गबून व्हायपरचे तर ५ सेंटीमीटरपर्यंत जातात. नाग, मण्यार, ऑस्ट्रेलियातले ब्राऊन स्नेक आणि टायगर स्नेक यांचे दात आखूड आणि पक्के बसलेले असतात. विष मात्र भयंकर. आखूड दातांच्या सापांपुढे जाड, सैल कापड आणि साधा भक्कम गेटरसुद्धा (बुटावरून नडगीभोवती गुंडाळायचं कवच) बरंच काम करतो. लांब दातांच्या सापांसाठी मात्र खास त्यासाठी बनवलेलंच कवच हवं.

आफ्रिकेतल्या ब्लॅक मांबाचा हिशोब वेगळा आहे. हा साप लांब, चपळ असतो आणि शरीराचा पुढचा बराच भाग जमिनीपासून वर उचलतो, त्यामुळे दंश कमरेच्या वरही होऊ शकतो. त्याच्या मुलखात पायातल्या कवचावर विसंबून राहू नका. तिथे वाटाड्या सांगेल ते आणि तसंच करायचं.

हंगामही इथेच विचारात घ्या. साप बाहेरच्या उष्णतेवर जगतो. कडाक्याच्या थंडीत तो बिळात किंवा कपारीत दडलेला असतो. म्हणून ऐन हिवाळ्यातल्या शिकारीला थंड प्रदेशात सर्पकवचाची गरज बहुधा पडत नाही. धोक्याचा काळ शिकारीच्या हंगामाच्या सुरुवातीचा आणि वसंतातला. शरद ऋतूत रात्री गार आणि दिवसा छान ऊन असेल, तर साप आपल्या हिवाळी बिळांच्या तोंडाशी ऊन खात पडलेले असतात. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकाळ उतारांवर अशा दिवशी विशेष सांभाळून चालावं. उन्हाळ्याच्या उकाड्यात उलट होतं. दुपारी साप सावलीत दडतात आणि संध्याकाळनंतर बाहेर पडतात.

दुसरी पायरी: तुम्ही चालणार की बसणार

लावे-तित्तिरांच्या मागे कुत्र्यांबरोबर दिवसभर गवताळ माळ तुडवणाऱ्याला हलकं कवच हवं. पायातला एक किलो पाठीवरच्या चार-सहा किलोंइतका दमवतो, हे सैनिकांवर झालेल्या चाचण्यांतून दिसलेलं आहे. सकाळी जाणवणार नाही, पण दुपारी पाय उचलेनासे होतात. पाय उचलेनासा झाला की माणूस फरफटत चालतो, आणि फरफटणारं पाऊल सापाच्या मुलखात वाईट.

मचाणावर बसणाऱ्याचं चालणं गाडीपासून मचाणापर्यंत, बहुधा अंधारात. त्याला थोडा जड पण पक्का उंच बूट चालतो. पाणथळ जागी जाणार असाल तर जलरोधक बूटच घ्यावा लागेल.

सगळ्यात कमी विचार केला जातो तो जमिनीवर बसणाऱ्या शिकाऱ्याचा. रानटी टर्की पक्ष्याच्या वसंतातल्या शिकारीत माणूस झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, पाय पसरून तासन्‌तास बसतो. अशा वेळी मांडी, नितंब आणि हात जमिनीच्या पातळीवर येतात. गुडघ्यापर्यंतचा बूट तिथे अर्धंच काम करतो. बसण्यापूर्वी बुंध्याभोवतीचा पाचोळा लांब काठीने हलवून पाहणं आणि पँटवरून चढवायचे, मांडीपर्यंत येणारे चॅप्स वापरणं, या दोन्ही गोष्टी अशा शिकाऱ्याने कराव्यात असं माझं ठाम मत आहे.

तिसरी पायरी: बूट, गेटर की चॅप्स

सर्परोधक बूट साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर उंच असतात. पावलाचा भाग बहुधा चामड्याचा आणि वरची नळी अनेक पदरी नायलॉनची किंवा चामड्याची. पाऊल, घोटा, नडगी, पोटरी असं सगळं एकसंध झाकलं जातं, मध्ये फट राहत नाही. हा त्याचा मोठा गुण. उणी बाजू म्हणजे वजन, उकाडा आणि एकच उपयोग: सापाचा हंगाम संपला की हा बूट पडून राहतो. वरपर्यंत नाडी असलेला बूट पायाला सगळ्यात चांगला बसतो, पण घालायला वेळ लागतो. बाजूला चेन असलेला बूट झटकन घालता येतो. तो घेताना चेन उघडून आत पाहा. चेनच्या मागे संरक्षक कापडाची अखंड पट्टी असायलाच हवी. नसेल तर तो बूट परत ठेवा.

गेटर म्हणजे आपल्या नेहमीच्या बुटावरून नडगीभोवती गुंडाळायचं कवच. घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत येतं, पट्ट्यांनी किंवा बकलांनी आवळतं. हलकं, घालायला-काढायला सोपं, आणि रुळलेला बूट बदलावा लागत नाही. नवख्याने पहिली खरेदी गेटरचीच करावी असं मी सुचवेन. मात्र एक गोष्ट विसरू नका. गेटर नडगी सांभाळतो, पाऊल नाही. खाली जाळीदार कापडाचे धावण्याचे बूट घातले तर पावलाच्या बाजू आणि बोटं उघडीच राहिली. गेटरखाली घोटा झाकणारा जाड चामड्याचा बूट हवा. हे दोन्ही मिळून एक कवच होतं.

चॅप्स पायाच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर घोट्यापासून मांडीपर्यंत येतात आणि कमरपट्ट्याला अडकतात. उंच गवत, दाट काटेरी झुडपं, चढ-उताराचा खडकाळ भाग आणि जमिनीवर बसून केलेली शिकार यांत त्यांना पर्याय नाही. पायाची मागची बाजू किती झाकली जाते हे मात्र पाहून घ्या. काही चॅप्स मागून उघडे असतात. आतून संरक्षक अस्तर लावलेल्या सर्परोधक पँटही मिळतात. त्या चालायला सोयीच्या, पण घेण्याआधी अस्तर नक्की कुठून कुठपर्यंत आहे ते हाताने चाचपून पाहा.

चौथी पायरी: कापड आणि लेबल

विषदंत म्हणजे बारीक, पोकळ सुई. ती अडवायचे मार्ग दोन. एक म्हणजे टणक पत्रा: काही गेटरांत पॉलिकार्बोनेटच्या पातळ पट्ट्या कापडाच्या दोन पदरांमध्ये बसवलेल्या असतात. दात त्यावरून घसरतो. खात्रीचं काम, पण पट्ट्यांच्या मधल्या सांध्यांकडे नीट पाहा, त्या एकमेकींवर चढलेल्या हव्यात. चालताना या पट्ट्या घासून आवाजही होतो. धनुष्याने शिकार करणाऱ्याला सावजाच्या अगदी जवळ जावं लागतं, त्याला हा आवाज परवडत नाही. दुसरा मार्ग म्हणजे इतकी घट्ट वीण की सुईला धाग्यांमधून वाट मिळू नये. १००० डेनियरचं नायलॉन अनेक पदरांत वापरलं जातं. टर्टलस्किनसारखी खास विणीची कापडं याच तत्त्वावर चालतात. ही मऊ, हलकी आणि आवाज न करणारी असतात.

डेनियर म्हणजे फक्त धाग्याची जाडी. मोठा आकडा पाहून भुलू नका. एका पदराचं १००० डेनियर नायलॉन काट्यांना उत्तम, पण लांब विषदंतांसाठी तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. पदर किती, वीण कशी, आणि निर्मात्याने ते सर्परोधक म्हणून स्पष्ट लिहून दिलंय का, हे विचारा. "स्नेक" हा शब्द नुसता नावात असणं वेगळं आणि चाचणी केल्याचा उल्लेख असणं वेगळं. काही निर्माते जिवंत सापांचे दंश घेऊन चाचणी करतात, काही इंजेक्शनच्या सुईने. कोणत्या जातीच्या, केवढ्या सापांवर चाचणी झाली हे कळलं तर उत्तम. छोट्या सापावर तगलेलं कापड मोठ्या रॅटलस्नेकपुढे तगेलच असं नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. कामगारांच्या सुरक्षा बुटांवर अमेरिकी एफ २४१३ मानकाचं "पीआर" चिन्ह असतं, म्हणजे टोचण्याला प्रतिकार. पण हा प्रतिकार तळव्याचा आहे, खालून खिळा घुसू नये म्हणून. नडगीवर येणाऱ्या सापाच्या दाताशी त्याचा काही संबंध नाही. साध्या रबरी गमबुटाचंही तसंच. अनवाणी पायापेक्षा तो शंभर पटींनी बरा आणि आखूड दातांच्या सापांपासून पुष्कळ आधार देतो, पण सर्परोधक म्हणून बनवलेला नसेल तर मोठ्या व्हायपरचा दात त्यातून आत जाऊ शकतो.

कवच विकत घेणं आज जमत नसेल तर निदान सैल, जाड डेनिमची पँट आणि उंच चामडी बूट घालून निघा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सदर्न पॅसिफिक रॅटलस्नेकना मानवी पायासारख्या नमुन्यांवर दंश करू दिला होता. उघड्या नमुन्याच्या तुलनेत डेनिम चढवलेल्या नमुन्यात गेलेलं विष सुमारे दोन तृतीयांशाने कमी भरलं. डेनिम दात अडवत नाही, पण कापड आणि कातडी यांमध्ये सुटलेली जागा दाताची लांबी खाते आणि बरंच विष कापडातच जिरतं. घट्ट पँटमध्ये ती जागाच उरत नाही, म्हणून सैल पँट घ्यायची.

पाचवी पायरी: माप आणि सराव

दुकानात जाल तेव्हा शिकारीला घालणार तेच मोजे आणि तीच पँट घालून जा. दिवसभर चालल्यावर पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घालून पाहणं चांगलं. पोटरीचा घेर पँटीवरून मोजा. गेटरची मापं बहुधा त्यावरच असतात. कवच घातल्यावर उकिडवं बसा, गुडघा टेकवा, पायरी चढा, एक पाय उंच उचलून ओंडका ओलांडल्यासारखं करा. प्रत्येक हालचालीत खाली पाहा: गेटरची खालची कड बुटाच्या नाडीवर बसलेली राहते की वर सरकून घोटा उघडा पडतो? फट पडत असेल तर माप चुकलं किंवा बुटाच्या तळाखालून जाणारा पट्टा सैल आहे. ही फट नेमकी तिथेच पडते जिथे दंश सर्वांत जास्त होतात. वरची कड गुडघ्याच्या वाटीला काचत असेल तर तासाभरात कातडी सोलवटेल आणि तुम्ही ते काढून टाकाल.

डावा-उजवा गेटर ओळखून घाला. बकलं नेहमी बाहेरच्या बाजूला यावीत, आत आली तर एकमेकांत अडकून तोंडघशी पडाल, आणि हातात बंदूक असताना पडणं म्हणजे सापापेक्षा मोठं संकट.

नवीन बूट थेट शिकारीला घालून नेऊ नका. आधी काही आठवडे घरी, मग फिरायला जाताना, मग ओझं पाठीवर घेऊन घाला. जलरोधक अस्तराचे बूट गरम हवेत घाम कोंडतात. मुलूख कोरडा असेल तर बिनअस्तराचे घ्या. मोज्यांचा जास्तीचा जोड जवळ ठेवा आणि दुपारी बदला.

कवच चढवल्यावर

कवच सापाचा दात अडवतं, सापाला नाही. चालण्याची शिस्त तीच ठेवायची. ओंडका एका ढांगेत ओलांडू नका. आधी त्यावर पाय द्या, पलीकडे काय आहे ते पाहा, मग उतरा. जिथे दिसत नाही तिथे हात घालू नका. खडक चढताना हात वरच्या कंगोऱ्यावर जातो, पडलेला पक्षी उचलायला झुडपात जातो, आणि हाताला कवच नसतं. अंधारात डोक्यावरचा दिवा पायापुढच्या जमिनीवर रोखा. विसाव्याला काढलेले बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटका.

साप दिसला तर थांबा, तो कुठे आहे याची खात्री करा आणि मागे सरा. त्याला मारायला जाऊ नका. मेलेल्या सापाला हातही लावू नका. रॅटलस्नेकचं तोडलेलं डोकंसुद्धा बराच वेळ चावू शकतं.

दर हंगामाआधी कवच उन्हात धरून तपासा. काटेरी तारेने फाटलेलं कापड, उसवलेली शिवण, तडकलेली पट्टी दिसली तर ठिगळ लावून वापरू नका. मशीनमध्ये धुऊ नका, चिखल ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा.

दंश झालाच तर

दंश कवचावर बसला तर आधी दूर व्हा, मग कवच काढून खालची कातडी उजेडात नीट पाहा. कापडावर विष आणि कधी तुटलेला दातही राहतो, म्हणून कवच हातमोजे घालूनच काढा, ते भरपूर पाण्याने धुवा आणि त्या हाताने डोळे चोळू नका. कातडीवर टोचल्याचा बारीकसा ठिपका दिसला किंवा शंका जरी आली, तरी तो दंशच समजून निघा. वेदना नाही म्हणून थांबू नका, काही सापांचा दंश सुरुवातीला दुखतही नाही.

कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही, आवळपट्टी बांधायची नाही. माणसाला शांत, स्थिर ठेवा आणि जिथे प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात लवकरात लवकर न्या. रॅटलस्नेकच्या कुळातल्या सापांच्या दंशाने पाय झपाट्याने सुजतो, म्हणून बूट, गेटर, घट्ट मोजे लगेच उतरवा. उशीर झाला तर ते कापावे लागतात. ऑस्ट्रेलियात मात्र पद्धत वेगळी आहे. तिथे कपड्यांवरूनच पूर्ण पायाला रुंद पट्टी घट्ट गुंडाळून पाय लाकडी पट्टीने स्थिर करतात आणि जखम धूत नाहीत. तुम्ही जाणार त्या मुलखात कोणती पद्धत सांगतात हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या, आणि जवळच्या रुग्णालयाचा फोन नंबर व रस्ता तुमच्याबरोबरच्या माणसालाही माहीत असू द्या. एकटे जाणार असाल तर कुठे जाताय आणि कधी परतणार हे घरी लिहून ठेवा.